वाळिंबे अण्णांचा उपप्रश्न

दिगंबर वाळिंबे हे नाव तुम्ही कधी ऐकलेलं असायचं कारण नाही. पण बारा-तेरा वर्षं आमच्या खात्याचे मंत्री विधानसभेत जे काही बोलले, त्यातलं निम्मं वाळिंब्यांनी लिहिलेलं होतं. मंत्री बदलले, सरकारं बदलली, वाळिंबे आपले पुण्यात, स्टेशनजवळच्या आमच्या कचेरीत, खिडकीपाशी. मी मैना ससाणे, हडपसरची. त्यांच्या समोरच्या टेबलावर टंकलेखक होते. ते लिहायचे आणि मी बडवायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून मीपण.

काम काय, ते सांगते. अधिवेशन जवळ आलं की आमदार प्रश्न पाठवतात. तो प्रश्न मुंबईहून आमच्याकडे येतो, आम्ही तो खालच्या कचेरीला पाठवतो, खालून अहवाल येतो, आणि त्यावरून उत्तराचा मसुदा करून आम्ही वर पाठवतो. प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक गावी तमुक झालं, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली. हे खरे आहे, हे खरे नाही, किंवा हे अंशतः खरे आहे. पहिल्या भागाला ‘खरे नाही’ म्हटलं की पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून हात झटकायचे. मी नवी होते तेव्हा मला ही सोय फार आवडली होती. सासरी वापरून बघितली, चालली नाही.

अण्णांचा हात खरा चालायचा तो उपप्रश्नांत. मंत्र्यांनी उत्तर दिलं की बाकीचे आमदार उठून आडवेतिडवे उपप्रश्न विचारतात. मंत्री तोंडघशी पडू नयेत म्हणून कोण काय विचारेल ते आधीच ओळखून त्याची उत्तरं जोडून द्यावी लागतात. अण्णा डोळे मिटून बसायचे आणि दहा मिनिटं विरोधी पक्ष व्हायचे. डोळे उघडले की एका दमात चौदा उपप्रश्न लिहायचे, तेही असे खवट की मला मंत्र्यांची दया यायची. अण्णांच्या घरच्या वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, “अहो, यांना गवार आणायला पाठवलं तर आधी मलाच विचारतात. गवार नसली तर काय, असली पण जून असली तर काय, कोवळी असून महाग असली तर काय. शेवटी मीच जाते.”

माणूस खडूस, यात वादच नाही. कोणी येऊन विचारलं, “साहेब आहेत का?” तर म्हणणार, “आहेत. भेटतील का, ते आपण विचारलेलं नाही.” आणि कागदाच्या बाबतीत तर विचारूच नका. खालून अहवाल आला की अमुक इमारत झाली, तर पहिला शब्द, “पूर्णत्वाचा दाखला कुठाय?” दाखला नसेल तर ‘झाली’ लिहायचे नाहीत. मी एकदा दाखल्याशिवाय कागद टाइप केला तेव्हा असे बोलले की मी डोळे पुसत बाहेर गेले. परत आले तर माझ्या मशीनवर पुडीत बांधलेला क्रीमरोल. कोणी ठेवला विचारलं तर म्हणाले, माहिती उपलब्ध नाही.

तर दोन हजार सालचं पावसाळी अधिवेशन. हिंजवडीत तेव्हा कंपन्यांच्या काचेच्या इमारती धडाधड उभ्या राहत होत्या. त्यांच्यासाठी रस्ता रुंद झाला आणि पलीकडच्या भैरूच्या वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा त्या रस्त्यात गेली. मुलं गोठ्यात बसतात, हे खरे आहे काय, असा एका आमदारांचा प्रश्न होता. खालचा अहवाल फॅक्सवर आला संध्याकाळी साडेपाचला, आणि उत्तर सहाला मुंबईला जायला हवं होतं. अहवालात लिहिलं होतं, पर्यायी इमारतीची व्यवस्था झाली आहे. दाखला नव्हता.

अण्णांनी फॅक्स बघितला, मग घड्याळ बघितलं. त्या दिवशी कोथरूडला त्यांच्या घरी पाहुणे येणार होते, त्यांच्या भाग्यश्रीला बघायला. भाग्यश्री हिंजवडीच्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर होती, बापापेक्षा दुप्पट पगार. पाहुणे सात वाजता पोचणार, आणि कोथरूडची बस कधी येईल ते पीएमटीलाही ठाऊक नसतं. अण्णांनी लिहिलं, ‘हे खरे नाही. पर्यायी इमारत उपलब्ध करून देण्यात आली आहे. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही.’ मी टाइप केलं, आमच्या घाटगेसाहेबांनी सही केली, कागद गेला. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि भाग्यश्रीने मुलाला नकार दिला.

सप्टेंबरात टपालात एक आंतरदेशीय पत्र आलं. भैरूच्या वस्तीवरच्या शाळेतल्या बाईंचं, शकू जांभूळकर यांचं. अक्षर वळणदार, मजकूर सरळ. त्यांनी इमारतीसाठी अर्ज केला होता. उत्तर मिळालं की इमारत आहे असं विधानसभेत सांगितलेलं आहे, तेव्हा असलेल्या इमारतीसाठी पुन्हा मंजुरी देता येणार नाही. गोठ्याचा मालक आता जागा परत मागत होता. जूनपर्यंत इमारत झाली नाही तर शाळा बंद करून एकतीस मुलं रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायची असं ठरलं होतं, आणि त्या रस्त्यावरून कंपन्यांच्या गाड्या सुसाट जायच्या. ‘मुलींना कोणी पाठवणार नाही, त्या घरी बसतील,’ असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं.

अण्णांनी पत्र तीनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी आले ते चेहरा उतरलेला. म्हणाले, “ससाणेबाई, काल भाग्यश्रीला विचारलं. ती रोज कंपनीच्या बसमधून बघते. गोठा आहे, मुलं आहेत, इमारत नाही. तिला वाटलं कोणी शिकवणी घेतंय.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “खोटा अहवाल खालच्यांनी पाठवला, अण्णा. तुमचा काय संबंध?”

“दाखला मी मागितला नाही,” ते म्हणाले.

ते सरळ घाटगेसाहेबांकडे गेले. उत्तर चुकीचं गेलंय, दुरुस्तीचं पत्र पाठवू, म्हणाले. साहेबांची सही होती ना त्यावर, ते कसले ऐकतायत? “सभागृहाला चुकीचं सांगितलं, हे आपण होऊन कळवायचं? वाळिंबे, नऊ महिने राहिलेत तुमचे. गप बसा आणि सुखानं निवृत्त व्हा.” अण्णा परत येऊन खिडकीशी बसले. डोळे मिटले. मला वाटलं, आता विरोधी पक्ष होतायत, पण कोणाचा ते कळेना.

एका आमदारांचे सहायक होते, माऊली नावाचे. प्रश्नांसाठी विषय शोधत आमच्या कचेरीखाली चहाच्या गाडीवर पडीक असायचे. त्यांना अण्णा कधी उभंही करायचे नाहीत. त्या दिवशी अण्णांनी त्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला आणि एक प्रश्न लिहून दिला. प्रश्न असा बांधलेला की कुठूनही पळवाट नाही. आधी दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नव्हती, हे खरे आहे काय? ज्याने जन्मभर उत्तरं लिहिली त्याने प्रश्न लिहिला, म्हटल्यावर काय होणार. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तो लागला आणि फिरून आमच्याच टेबलावर आला. अण्णांनी उत्तर लिहिलं, ‘होय, हे खरे आहे.’

पण नुसतं तेवढ्यानं भागत नव्हतं. दिवसाच्या यादीत प्रश्न असतात वीस-बावीस आणि तासाभरात होतात सहा-सात. बाकीच्यांची उत्तरं छापील स्वरूपात ठेवतात, ती कोणी बघतही नाही. आमचा नंबर चिठ्ठीत अकरावा निघाला होता. अण्णांना मंत्री उभे राहून बोलायला हवे होते. सभागृहात मंत्री ‘करण्यात येईल’ म्हणाले की ते आश्वासन होतं, आणि त्यासाठी आमदारांची एक समिती असते. ती काम होईपर्यंत अधिकाऱ्यांच्या मानगुटीवर बसते. छापील उत्तर कपाटात जातं.

मग अण्णांनी उपप्रश्नांचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी टाइप करत गेले आणि तिसऱ्या ओळीवर माझे हात थांबले. ‘पूर्वीच्या चुकीच्या उत्तरास जबाबदार कोण? उत्तर: मसुदा तयार करणारे वरिष्ठ लिपिक. त्यांनी दाखला न पाहता मसुदा तयार केला.’

“अण्णा, हे काय लिहिलंय?”

“खरं तेच लिहिलंय. हाच उपप्रश्न माऊलींनाही दिलाय, त्यांच्या आमदारांनी विचारायला.”

“अहो, पण कशाला? शाळेचं लिहा की नुसतं.”

“बाई, दोन खोल्यांसाठी कोणी आमदार घसा कोरडा करत नाही,” अण्णा शांतपणे म्हणाले. “पण सभागृहाची दिशाभूल झाली म्हटलं की सगळे उठतात. सगळे उठले की मंत्र्यांना काहीतरी देऊन सुटावं लागतं. ते आधी लिपिक देतील. तेवढ्यानं नाही भागलं तर शाळा देतील. टाइप करा.”

मी केलं. रागाने इतक्या जोरात केलं की कागदाला भोकं पडली आणि पुन्हा करावं लागलं. घाटगेसाहेबांनी तो कागद वाचला, दोष लिपिकाचा आहे हे बघितलं आणि सही केली. साहेबांची सही इतक्या झटपट झालेली मी नोकरीत पहिल्यांदा बघितली.

त्या दिवशी साहेब नागपूरला आणि आम्ही पुण्यात फोनजवळ. प्रश्नोत्तरांचा तास अकराला सुरू होणार, बाराला संपणार. अण्णांनी सकाळपासून चहा घेतला नव्हता. मी मनातल्या मनात हिशेब करत होते, अकरावा नंबर काही लागत नाही, आणि खरं सांगू? मला तो लागायला नकोच होता. शाळेचं मला वाईट वाटत होतं. पण हा माणूस रोज माझ्यासमोर बसायचा, ती एकतीस मुलं मी बघितली नव्हती.

सव्वाबाराला फोन वाजला. साहेब इतके ओरडत होते की मला टेबलापलीकडे ऐकू आलं. तीन आमदार गैरहजर होते, दोन प्रश्न राखून ठेवले गेले आणि शेवटची आठ मिनिटं आमच्या प्रश्नाला मिळाली. माऊलींच्या आमदारांनी जबाबदार कोण म्हणून विचारलं, मंत्र्यांनी लिपिक म्हणून सांगितलं, आणि सगळे जागेवरून उठले. लिपिकावर ढकलू नका, शाळेचं बोला, असा गोंधळ झाला. “मंत्री म्हणाले, चौकशी करण्यात येईल आणि इमारत जूनपूर्वी पूर्ण करण्यात येईल. वाळिंबे, ऐकताय ना? तुमची चौकशी लागली!”

“साहेब, नेमके शब्द काय?” अण्णांनी विचारलं. “इमारत पूर्ण करण्यात येईल म्हणाले, की तसा प्रयत्न करण्यात येईल?”

“करण्यात येईल म्हणाले! प्रयत्नबियत्न काही नाही.”

अण्णांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “ससाणेबाई, चहा सांगा. आणि तुम्ही सकाळपासून तोंड पाडून बसलाय, तुम्हालाही सांगा.”

समिती खरंच मानगुटीवर बसली. फेब्रुवारीत पाया खणला, मे महिन्यात पत्रे चढले. चौकशीही तितक्याच तत्परतेने झाली. चौतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एक डाग नव्हता, त्यात ठपका नोंदवला गेला. खालच्या कचेरीत ज्याने खोटा अहवाल पाठवला त्याला कोणी काही विचारलं नाही. तीस जूनला अण्णा निवृत्त झाले तेव्हा साहेब म्हणाले, ठपका असलेल्याचा समारंभ करणं बरं दिसत नाही. शाल नाही, नारळ नाही, दोन शब्दही नाहीत. मी साहेबांना तोंडावर म्हटलं, तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. त्यावर मलाही लेखी खुलासा द्यावा लागला. तो अण्णांनीच लिहून दिला, फार सुंदर लिहिला.

जुलैतल्या एका शनिवारी मी त्यांना माझ्या स्कूटीवर बसवलं आणि भैरूच्या वस्तीला नेलं. ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. दोन खोल्या, निळा रंग अजून ओला, आत मुलं पाढे म्हणत होती. पुढच्या रांगेत सगळ्या मुलीच. शकूबाई बाहेर आल्या, पदराने हात पुसत. आम्ही पुण्याच्या ऑफिसातून आलोय, शाळा बघायला, एवढंच मी सांगितलं. त्यांनी लगेच चहा टाकला.

कप हातात देताना म्हणाल्या, “तुमच्याच हापिसातला हाय न्हवं तो कारकून? ज्यानं शाळा हाय म्हणून खोटं लिहिलं? वरीसभर पोरं शेणात बसली माझी त्याच्यापायी. त्याला शिक्षा झाली म्हणं.”

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

“झाली,” ते म्हणाले. “कागद मी स्वतः वाचलाय.”

“लई बरं झालं. अजून हाय का नोकरीत?”

“नाही. आता नाही.”

“मग झाक झालं,” म्हणत बाईंनी त्यांचा कप पुन्हा भरला. अण्णांनी तोही चहा सावकाश घेतला आणि छान झालाय म्हणाले.

परतताना मला काही सुधरेना. ओढणीने नाक बांधलेलं होतं, त्याच्या आत मी ढसाढसा रडत होते. त्या बाईचा राग येत होता, साहेबांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त मागे बसलेल्या या माणसाचा. तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, “ससाणेबाई, समोरून बस येतेय. आधी तिच्याकडे बघा.”