आबांच्या सहीचा बोर्ड

आबा कुठलाही नवा बोर्ड तपासताना दोन बटणं एकदम दाबत. एकेक बटण दाबलं की सगळेच बोर्ड शहाण्यासारखे वागतात, असं त्यांचं मत होतं. "दोघं एकदम हाका मारत्यात तवा खरं कळतं," ते म्हणत.

आबा मूळचे अंथुर्ण्याचे. यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनवण्याचं त्यांचं दुकान बारामतीत होतं. डिप्लोमा करून मी तिथे लागले. इंटरप्ट मी कॉलेजात नुसता पाठ केला होता, समजला तो आबांकडे. मोटर किंवा सेन्सर प्रोसेसरला सांगतो, हातातलं काम थांबव, आधी माझ्याकडे बघ. कोणाचं आधी ऐकायचं, हे ठरवणारं सर्किट आम्ही बनवायचो. "जो वर्षातनं एकदाच बोलतो, त्याला पहिला नंबर," हा आबांचा नियम.

डाळजकडच्या एका गूळ कारखान्याच्या बॉयलरचा बोर्ड मी आखला. पाणी कमी झाल्याचा सिग्नल पहिल्या नंबरावर घेतला, पण तो धरून ठेवणारं लॅच सर्किट घालायचं राहिलं. प्रोसेसर दुसऱ्या सिग्नलमध्ये अडकला असता, तर हा येऊन निघून गेला असता आणि कोरडा बॉयलर फुटू शकला असता. त्या आठवड्यात आबांच्या बायकोचं, काकूंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आबांनी माझ्या भरवशावर तपासणीच्या कागदावर सही केली आणि बोर्ड गेला.

आठवड्याने तसाच दुसरा बोर्ड तयार झाला. आबांनी दोन बटणं दाबली. पाण्याचा दिवा लागला नाही. तीनदा करून पाहिलं, मग कारखान्याच्या मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, बॉयलर झकास चाललाय, ऊस येऊन पडलाय, संध्याकाळी बघू. आबांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि थेट डाळज गाठलं.

मॅनेजर चिडले होते. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"बोर्ड माझा, सही माझी," आबा म्हणाले. "आधी जाळ काढा. मग काय बोलायचं ते बोला."

जाळ निघेपर्यंत ते बॉयलरसमोरून हलले नाहीत. मी शेजारीच उभी होते. चूक माझी आहे, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. "लॅच कुठं बसतंय, तूच दाखव," म्हणाले. यापलीकडे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. कारखान्याने मात्र पुन्हा काम दिलं नाही. ही गोष्ट बाहेर पसरली आणि इतर गिऱ्हाइकंही तुटत गेली. पुढे मी इंदापूरला शिकवायला लागले. आबांनी दुकान एकट्याने चालवलं. गेल्या थंडीत ते गेले.

दीड महिन्याने विद्यार्थ्यांना कारखाना दाखवायला मी डाळजला गेले. मॅनेजर तेच होते. त्यांनी ओळखलं आणि विचारलं, "आबा बरं हाईत ना?"

आबा गेल्याचं मी सांगितलं. मग बोर्डातली चूक कुणाची होती, तेही सांगितलं.

"मातीला आलो असतो," ते म्हणाले. "मला कुणी कळवलंच न्हाय."

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नव्हता.