एसटी स्टँडचा चॅनल

आमच्या केबल-इंटरनेटच्या धंद्यात किस्से आपोआप साचतात. ऐकवायला माणूस मिळत नाही, एवढंच! आटगावच्या कंट्रोल रूममध्ये मी एकटाच. काम सोपं: ज्या गावात कुणीतरी चॅनल लावलाय, तिकडेच तो सोडायचा. कुणी बघत नसेल तर राउटरवरच फिल्टर लावून अडवायचा. याला मल्टिकास्ट म्हणतात. घरचे याला ‘बसून पगार’ म्हणतात.

*

आमचा लाइनमन गुरुनाथ एकदा हटूनच बसला, “आज फिल्टर मी लावणार!” अडवायचा होता एक चॅनल, भाऊने अडवले सगळे. तेही मॅच चालू असताना!

मुरबाडहून फोन आला, “ओ, तुमी आमच्यावर रुसलाव काय?”

*

किन्हवलीत एका दुकानदाराने वायरची दोन्ही टोकं नेटच्या एकाच डब्यात, म्हणजे स्विचमध्ये, खुपसली. नेटचा ट्रॅफिक तिथल्या तिथे गोल गोल फिरत बसला, अख्खं गाव ठप्प!

“का हो केलंत असं?”

“रिकामी भोकं बरी दिसत नव्हती रे!”

*

एका दिवाळीत दिवसभर ऑफिसचा फोन वाजला नाही. शिव्या द्यायलासुद्धा कुणी नाही म्हणजे काय! लाइन मेली असं समजून मीच मोबाइलवरून रिंग दिली. वाजला की! उचलला आणि स्वतःलाच “हॅलो” म्हणालो. खरं सांगतो, बरं वाटलं.

*

गाडी आली की नाही ते घरबसल्या दिसावं, म्हणून आमच्या शेठनी किन्हवलीच्या एसटी स्टँडवर कॅमेरा लावून त्याचा चॅनल केला होता. हळूहळू लोकांनी तो बघायचा सोडला. उरलं शेणव्यातलं एकच घर, धर्माबाबांचं.

शेठ म्हणाले, “एका घरासाठी कशाला चालवायचा? फिल्टर लाव.”

निदान सांगून तरी बंद करावा, म्हणून मी शेणव्याला गेलो. बाबा एकटेच टीव्हीसमोर. मुलगा संतू भांडून पुण्याकडे गेलेला, फोन उचलत नाही. येईल तेव्हा किन्हवलीलाच उतरेल, एवढीच त्यांची आशा. टीव्हीवर रिकामा स्टँड आणि एक झोपलेलं कुत्रं. मी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं.

“बाबा, हा चॅनल बंद करायचाय. तुमच्याशिवाय कुणीच बघत नाय.”

“असा?” बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरकून चटईवर जागा केली. “मंग तू बस. सकाळपासना जेवलो नाय मी. दोन घास खाऊन येतो, तवर तू बघ. संतू उतरला तं हाक मार.”