नुसतं पाणी

मे महिन्यात भर दुपारी फोटो काढू नयेत, असं सगळे सांगतात. मला नेमकं तेच ऊन लागतं. म्हणून पेणला रामवाडीतल्या खोलीला कुलूप लावतो, एसटीने रोह्याला येतो आणि नदीच्या घाटावर पाण्यात मोडणारा उजेड टिपत बसतो. वरच्या धरणातून पाणी सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यातही नदी वाहती असते आणि घाटावर धुणं चालूच असतं.

पहिल्याच दिवशी मी धुणाऱ्या बायकांना वैतागून म्हणालो होतो, "जरा बाजूला व्हा, मला नुसतं पाणी हवंय." तेव्हापासून मी पायऱ्या उतरताना दिसलो की कुणीतरी ओरडतं, "उठा गो, फोटोवाले आले!" पिळलेले कपडे बादलीत पडतात आणि घाट रिकामा होतो. एवढा मान मला दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

यंदा ते फोटो खोलीच्या भिंतीवर लावले. चारी बाजूंनी पाणीच पाणी, माणूस एकही नाही. दुसऱ्या दिवशी घाटावर जाऊन म्हणालो, "बसा हो, आज तुम्हीही हव्यात फोटोत."

त्यांच्यातली म्हातारी हसली. "आमच्यात काय हाय बघण्यासारखं? पाणीच बरं येतं तुमचं." ती बादली उचलून चढून गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या.

पायऱ्यांवर त्यांची ओली पावलं उमटली होती. मी घाईघाईने वाकून कॅमेरा डोळ्याला लावला. दगड इतका तापला होता, की तेवढ्यात तीही वाळली.