मंडईतला जंगलाचा पडदा

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे आणि नाटकांचे दिवस आले, की नाटकाचा तो पडदा मला अजून आठवतो.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात ठाणेदार होतो. कोंढ्याकडच्या एका नाट्यमंडळाचे अध्यक्ष मोबाईलवर फोटो घेऊन ठाण्यात आले. समाजमंदिरात ठेवलेल्या जंगलाच्या नव्या पडद्यावर कुणीतरी रंगाचे शिंतोडे उडवून नासाडी केली होती. नाटक दुसऱ्या दिवशी. संशय गावातल्याच दुसऱ्या मंडळावर. मंडई म्हटली की आमच्याकडे सख्खे भाऊही दोन नाटकं बसवतात. मी त्या मंडळाच्या दोघांना आणून बाकावर बसवलं.

दुपारी गावच्या चहावाल्यानं खबर दिली. "साहेब, तीन दिवस तिथं पडदा रंगवणाऱ्या पेंटरबिगर कोणी गेलंच नाही. किल्ली त्याच्याचजवळ होती."

मी पेंटरला ठाण्यात बोलावलं. माणूस साठीचा. अर्ध्या तालुक्यातल्या पाट्या त्याच्या हातच्या, आमच्या ठाण्याचीसुद्धा. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "मले काही मालूम नाही." जबाब लिहून झाला. मी सहीसाठी पेन पुढे केलं, तर त्यानं शाईचं पॅड मागितलं.

बाहेरच्या पाटीवर ज्याची अक्षरं, तो अंगठा देणार? मी जमादाराला बाहेर पाठवलं. "काका, हात दाखवा."

हात सारखा थरथरत होता.

"ब्रश धरता येत नाही साहेब. म्हणून काडीनं रंग ठिबकवला, शिंपडला. जंगलच काढलं मी. त्या दोघायले सोडा."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"लोक म्हणतीन, पेंटरचा हात गेला."

मला माझीच लाज वाटली. फोटो पाहून आणि जुनी भांडणं आठवून मी गुन्हा ठरवून मोकळा झालो होतो. घटनास्थळी पायही ठेवला नव्हता.

दोघांना चहा पाजून सोडलं आणि गावात गेलो. पडदा जमिनीवरच पसरलेला होता. "एकदा टांगून तर पाहा," मी अध्यक्षांना म्हणालो. पडदा वर गेला, माणसं मागे सरकली. हिरव्या-पिवळ्या थेंबांची पानं झाली, लाल ठिपक्यांचा पळस फुलला. अध्यक्षांनी मागे जाऊन पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "याच्यासमोरच नाटक होईन."

तक्रार मागे घेतली गेली. हाताची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, स्टेशन डायरीतही लिहिली नाही. आता पेंटर राहिला नाही, म्हणून लिहितो. त्यानंतर मात्र आधी जागा पाहायची आणि मग माणूस बाकावर बसवायचा, हे मी कधी मोडलं नाही.

ते नाटक मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात पेंटर दरवर्षी वळणदार अक्षरात नाव घालायचा. त्या वर्षी तिथं निळा अंगठा होता.