कोठीतला हात

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली इंदू वैरागडे शंकर नगरातल्या एका लहानशा संग्रहालयात नोंदी लिहायची. वीस वर्षं तिनं मूर्ती आणि नाणीच लिहिली. मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, तेलीबांध्याच्या पुढे नव्या राजधानीसाठी गावं उठू लागली. संग्रहालयाच्या प्रमुख शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "देव पुष्कळ झाले. आता माणसांच्या घरातलं आणा." तेव्हापासून मासे धरायची जाळी, नांगर, बियाणं येऊ लागलं.

एका दुपारी धानाची मातीची कोठी आली. पुरुषभर उंच, खाली धान काढायचं भोक. तिची मालकीण सुकवारो, एक म्हातारी, टेम्पोतूनच सोबत आली होती. तळाशी जुन्या वाणाचं धान उरलंय, असं तिनं सांगितलं. तो वाण आता कुणी पेरत नव्हतं. इंदूनं नमुन्यासाठी भोकात खांद्यापर्यंत हात घातला.

दाणे लागले. मग मनगटावर काहीतरी गार सरकलं आणि थांबलं. आतून फुत्कार आला.

जवळ यादी करत बसलेल्या सुशीलला इंदू कशीबशी म्हणाली, "आत साप हाय."

"हात काढा ना, दीदी."

"झन हल, नोनी," सुकवारोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हलू नको, पोरी. मग स्टुलावर चढून कोठीच्या वरच्या तोंडातून आत डोकावत ती पुटपुटली, "डोमी आय."

डोमी म्हणजे नाग, हे रायपुरात वाढलेल्या इंदूला सांगावं लागलं नाही. आपली नाडी त्याला कळत असेल, या विचारानं ती जास्तच धडधडू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. वजन हळूहळू उतरलं.

"अब," म्हातारी म्हणाली.

इंदूनं हात ओढला. कोपराजवळ रक्त होतं. भोकाच्या कडेनं खरचटलं होतं, दात लागले नव्हते. तरी डॉक्टरांनी दोनदा सांगेपर्यंत तिला ते पटलं नाही.

सापवाल्यानं नाग धरून नेला. कोठीत त्याची कातही निघाली. सुकवारो म्हणाली, "घर टूट गे, त वो कहां जाही?" घरच मोडलं, तर तो जाईल कुठं?

घरी नवरा, बाबाराव, म्हणाला, "सोड ते काम. काहून जातं तिथं?"

इंदू तीन दिवस घरी राहिली. चौथ्या दिवशी तिनं कोठी, वाण आणि कात, तिन्हींची नोंद केली. धान मात्र दुसऱ्या कुणी काढावं, असं तिनं शर्मिष्ठाबाईंना स्पष्ट सांगितलं.