काळीची रंगीत पिल्लं

काचीगुड्याला घराच्या मागच्या परसात त्रिवेणीबाईंनी कोंबड्या पाळल्या होत्या. एक कोंबडाही होता. तो पहाटे आरवायचा, आणि वरच्या खोलीतला भाडेकरू विवेक नेमका तेव्हाच कामावरून येऊन अंग टाकायचा. पुण्याचा हा मुलगा नव्यानं निघालेल्या कंप्युटर कंपनीत होता. काम अमेरिकेच्या घड्याळावर.

"काकू, याला दुपारी आरवायला शिकवता येईल का हो?" एकदा तो लाल डोळ्यांनी म्हणाला.

बाईंना त्याची कीव आली. कोंबडा त्यांनी भालकीला भावाकडे धाडून दिला.

महिना-दीड महिन्यानं काळी कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून टोपलीत बसली, उठेना. बाईंनी माहेरच्या रीतीनं भुशात एक खिळा अन् कोळसा ठेवून तिच्याखाली अंडी मांडली. तीन आठवडे उलटले तरी एक अंडं तडकेना. शेवटी त्यांनी मुठीच्या नळीत धरून अंडं उन्हासमोर नेलं. आत नुसता उजेड.

"अहो, घरात कोंबडाच नव्हता की!"

बाईंचे यजमान एकनाथराव हसून हसून खोकायला लागले. "कुणब्याची लेक तू! भालकीला फोन लावू का?"

"लावा. तुम्हाला तरी कुठं सुचलं?"

अंडी काढून घेतली, तरी काळी रिकाम्या भुशावर बसून राहिली. खुडूक मोडावी म्हणून बाईंनी तिला पाण्यात बुचकळून काढलं, तर तशीच निथळत परत टोपलीत. दाणा तोंडात घेईना. तुरा पांढरा पडला, छातीचं हाड हाताला लागायला लागलं.

"मरायचीच असेल तर या रविवारी..." एकनाथराव बोलून गेले, पण बायकोचा चेहरा बघून चपला चढवून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते बुटाचं खोकं घेऊन आले. आत चिवचिवाट. गुलाबी, हिरवी, पिवळी पिल्लं.

"अगं बाई! होळी खेळून आली का ही?"

"स्टेशनापाशी विकत होता. मला वाटलं, रंगीत म्हणजे चांगली असतील."

बाईंनी डोक्याला हात लावला. मग रंग झाकावा म्हणून चुलीतली राख एकेका पिल्लाला चोळली आणि अंधारात काळीच्या पोटाखाली सारली. ती कुरकुरली, पण बसून राहिली.

सकाळी मात्र राख झडली होती, आणि तिनं उजेडात ते रंग पाहिले. गुलाबी पिल्लाच्या डोक्यात अशी चोच मारली की रक्त आलं. बाकीची परसाच्या भिंतीला चिकटली. उबेवाचून ती जगणार नव्हती, आणि पिल्लांवाचून काळीही. पिल्लं काढून घ्यायला बाई खोकं घेऊन पुढं झाल्या.

तेवढ्यात परसावरून घारीची सावली सरकली.

काळीच्या गळ्यातून लांब, खरखरीत आवाज निघाला. ती धावली, पंख पसरून जमिनीला टेकली. यंत्रात निपजलेली ती पिल्लं. आईचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. तरी सगळी तिच्या पंखांत शिरली.

घार रुळांकडं निघून गेली. काळ्या पिसांतून गुलाबी डोकं वर आलं. काळीनं मान वळवली. मागं उभ्या एकनाथरावांनी बाईंचा दंड धरला.

"थांबा," बाई पुटपुटल्या.

काळीनं भुईवरची ज्वारीची कणी उचलली, पिल्लापुढं टाकली, परत उचलली, परत टाकली. पिल्लानं टिपली. मग तिनं आणखी एक उचलली, आणि ती मात्र स्वतः गिळली.

"अहो, कण्या आणा," बाई म्हणाल्या. "मूठभर नको, वाटीभर आणा."