वेखंडाचे सात वेढे

माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेवर डाग नाही. हे वाक्य कुणालाही विचित्र वाटेल, पण मी ते रोज एकदा मनात म्हणते आणि दर वेळी मला हुश्श होतं. तो डाग अगदी पडता पडता राहिला. पडला असता तर माझ्यामुळे पडला असता.

पन्नासच्या दशकात आम्ही डोंबिवलीत राहायचो. वडील ठाण्याला कचेरीत कारकून होते. मी अकरा वर्षांची, बहीण सहाची. तिचं कशात लक्ष नसतं, असं सगळे म्हणत. हाक मारली तर वळायची नाही, समोर बसून बोललं तर खांद्यावरून पलीकडे बघायची. बोलायची ते चार-पाच शब्द, तेही मनात आलं तर. दाराची कडी हलवत मात्र सकाळची दुपार करायची. आता माझी नात सांगते की याला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा आमच्याकडे दोनच शब्द होते, वेंधळी आणि वेडी. शेजारणी पहिला तोंडावर वापरत आणि दुसरा पाठीमागे, आणि दोन्ही आम्हाला ऐकू येत.

शाळेनं तिला महिन्याभरात परत पाठवलं. "लक्ष द्यायला लागली की घेऊन या," बाई आईला म्हणाल्या. जणू काही लक्ष म्हणजे पाटीवरची पेन्सिल, घरी विसरून आलेली! मला त्या बाईंचा अजून राग आहे.

मग जो सांगेल ते सुरू झालं. टाळूवर ब्राह्मीचं तेल झालं, भिजवलेले बदाम झाले, दंडात ताईत बांधून झाला. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले आणि सांगितलं की मोठी झाली की जीभ सुटेल. वडील शनिवारी मारुतीला जाऊ लागले. त्याआधी ते फक्त परीक्षेच्या दिवसांत जायचे, तेही माझ्यासाठी. शेवटी कुणीतरी कल्याणच्या एका वैद्यांचं नाव काढलं.

वैद्यबुवा कडक होते. त्यांनी बहिणीची नाडी बघितली आणि आईला बजावलं, "रोज सकाळी अनशापोटी, सहाणेवर वेखंडाचे सात वेढे. सहा नाहीत, आठ नाहीत. मधात कालवून जिभेवर चाटवायचं." वेढा म्हणजे सहाणेच्या दगडावर मुळी गोल फिरवायची एक फेरी. तान्ह्या बाळाची गुटी आमच्याकडे अशीच मोजून उगाळतात, त्यामुळे आईला ते नवीन नव्हतं.

आई सकाळी सहाण मांडायची, एक, दोन, तीन असं मोठ्यानं म्हणत वेखंड फिरवायची. चार दिवसांनी असं झालं की सहाणेचा आवाज आला की बहीण कडी सोडून धावत यायची. मांडी घालून समोर बसायची आणि त्या दगडाकडे टक लावून बघायची. सात झाले की आ करायची. आई हरखून गेली. "अहो, बघताय ना? गुण येतोय!" वडिलांनी मारुतीला नारळ फोडला. ती औषध पोटात जायच्या आधीच बघतेय, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दोन महिने बरे गेले. मग आईच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. अंगठा लिंबाएवढा सुजला, तिला लाटणंसुद्धा धरवेना. सहाण माझ्याकडे आली.

मला ते काम मुळीच आवडत नव्हतं. वेखंडाचा उग्र वास बोटांना दिवसभर राहायचा आणि शाळेत मुली नाकं मुरडायच्या. आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. घरात सगळी औषधं, सगळे नवस, सगळं रडणं तिच्यासाठी. मी पहिल्याच दिवशी घाईघाईत चार वेढे दिले आणि बोट पुढे केलं. तिनं दात घट्ट मिटले. माझं मनगट धरून खाली ढकललं. मी तिला एक धपाटा घातला, गाल दाबून बघितले, पण दात उघडेनात. उरलेलं चाटण मी मोरीत धुऊन टाकलं आणि आईला सांगितलं, "घेतच नाही ती."

हे नऊ दिवस चाललं. चारापुढे मी एकदाही गेले नाही. बहीण दिवसेंदिवस बिथरू लागली. स्वतःचं मनगट चावायची, सहाणेपाशी बसून पुढेमागे डुलायची, जेवायला घेतलं की ताट लोटायची. आई अंगठा छातीशी धरून रडायची. "आता औषधसुद्धा नको झालं हिला. हातची चालली माझी पोर." मी ऐकायची आणि पुस्तकात डोकं घालायची. माझ्या चार वेढ्यांचा आणि या रडण्याचा काही संबंध असेल, हे मला खरोखर सुचलं नाही. थोडंसं सुचलं असेल, तर मी ते दडपलं.

वडिलांच्या कचेरीतला एक शिपाई बाळकुमचा होता. त्यानं सांगितलं की गावात एक म्हातारी आहे, ती पोरांना मानेवर पेटत्या हळकुंडाचा चटका देते. मुडदुसाची, फेफऱ्याची किती पोरं तिच्या हातून उठून बसली. वडील मॅट्रिक झालेले, एरवी असल्या गोष्टींना हसणारे. त्या दिवशी हसले नाहीत. "एकच चटका आहे," ते आईला म्हणाले. "क्षणभराचं काम." आईनं मान डोलावली.

रविवारी आम्ही ठाण्याला उतरून टांग्यानं बाळकुमला गेलो. आईनं सवयीनं सहाण, वेखंड आणि मधाची बाटली पिशवीत घेतली होती, कारण सकाळचं औषध राहिलं होतं. म्हातारीचं घर शेताच्या कडेला होतं. अंगणात जाळं वाळत पडलेलं, ओटीवर चूल. तिनं आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कनची पोर गो? आनि झाला काय तिला?"

आईनं सगळं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली आणि हळकुंड निखाऱ्यात खुपसलं. "पोरीला धरून बसा. मान हलली तर कानाला लागंल." वडिलांनी बहिणीला मांडीवर घेतलं, तिची वेणी पुढे ओढली. तिची मान उघडी पडली. बारीक, गोरी, मध्ये एक तीळ. हळकुंडाचं टोक लाल व्हायला लागलं आणि जळक्या हळदीचा वास सुटला.

"आई," मी म्हणाले, "मी सात देत नव्हते."

"काय?"

"वेढे. मी चारच द्यायची. रोज. म्हणून ती तोंड उघडत नव्हती."

वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हळकुंड माझ्याच मानेवर टेकणार. म्हातारीला काहीच कळलं नव्हतं. "काय म्हनते ही? कसले वेढे?" आईनं अडखळत सांगितलं. म्हातारीनं हळकुंडाकडे नेलेला हात मागे घेतला. "सहान हाय ना जवल? मंग उगाल बघू, माझ्यासमोर. आनि चारालाच थांब."

मी सहाण मांडली. पहिला वेढा दिला तशी बहीण वडिलांच्या हातातून सुटून माझ्यासमोर येऊन बसली. चार झाले. मी मधात बोट फिरवून पुढे केलं. तिनं दात मिटले आणि माझं मनगट धरून पुन्हा सहाणेवर ठेवलं. नऊ दिवस ती हेच करत होती. ढकलत नव्हती ती, पुढचं काम दाखवत होती.

मी पाचवा दिला, सहावा दिला, सातवा दिला. तिनं आ केला.

म्हातारीनं पेटतं हळकुंड राखेत विझवलं. "जा घरी," ती म्हणाली. "हिला सगला कलतं. मी नाय हिला डागायची." वडिलांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर तिनं पाठ फिरवून मासळीच्या टोपलीला हात घातला.

टांग्यात बसल्यावर आईनं डाव्या हातानं मला एक सणसणीत धपाटा दिला, आणि त्याच हातानं जवळ ओढून घेतलं. ती हसत होती की रडत होती ते मला सांगता यायचं नाही. वडील रस्ताभर बहिणीची मान पुन्हा पुन्हा हातानं पुसत होते. तिथे काहीच नव्हतं. ते मात्र पुसतच राहिले. मला इतकं हलकं वाटलं की ठाणं येईपर्यंत मी गाढ झोपले.

बहीण काही बरी झाली नाही. बरी व्हायचं असं काही नव्हतंच, हे कळायला आम्हाला आणखी वर्षं लागली. पण त्या रविवारनंतर औषधं थांबली. आईनं सहाणेचा धडा घेतला आणि सगळं सातात बसवलं. आंघोळीला सात तांबे, वेणीला सात पेड नाही तरी फणीचे सात हात, ताटात सात घास मांडून. त्या मापात बहीण शांत राहायची, ऐकायची, हळूहळू कामंही करायची. पुढे ती वाती वळायला शिकली. तिच्या वातींच्या जुडीत एक कमी किंवा जास्त कधी निघाली नाही, आणि देवळातले पुजारी तिच्याच वाती मागून घेऊ लागले.

आई-वडील गेल्यापासून ती माझ्याकडे असते. आता दोघींचेही केस पांढरे झालेत. सकाळी मी तिचे केस विंचरते, वेणी पुढे घेते, मानेवरचा तीळ बघते. कधी टेलिफोन वाजतो, कधी गॅसवर दूध असतं, आणि मी घाईत चार हात फिरवून फणी खाली ठेवते. ती माझं मनगट धरते आणि फणी पुन्हा आपल्या केसांवर ठेवते.